खांद्याच्या ऑपरेशननंतर घरी: कोपर दिसतंय ना?

दुर्बिणीतून रोटेटर कफ (खांद्याच्या सांध्याभोवतीच्या कंडरा, म्हणजे स्नायू हाडाला बांधणाऱ्या दोऱ्या) शिवून घेतलेल्यांसाठी हे लिहितोय. तुमच्या डॉक्टरांनी वेगळं सांगितलं असेल तर त्यांचंच ऐका, कारण कुठे किती टाके घातलेत हे त्यांनाच माहीत असतं.

पहिली फसगत पहिल्याच रात्री होते. ऑपरेशनच्या वेळी बहुतेकांना मानेजवळ इंजेक्शन देऊन हात बधिर केलेला असतो. त्याचा असर साधारण १२ ते २४ तास टिकतो. तोवर हात ओंडक्यासारखा जड असतो आणि दुखत अजिबात नाही. मग गोळी कशाला घ्यायची, असं वाटतं. पण असर उतरतो तो अनेकदा मध्यरात्री. कळा सुरू झाल्यावर घेतलेल्या गोळीला लागू पडायला वेळ लागतो आणि ती रात्र फार वाईट जाते. बोटांना मुंग्या यायला लागल्या की गोळीची वेळ झाली असं समजा. पुढचे दोन-तीन दिवसही दुखायची वाट न पाहता, लिहून दिलेल्या वेळीच गोळ्या घ्या. त्यातल्या जहाल गोळ्यांनी पोट साफ होत नाही, म्हणून पाणी भरपूर प्या.

आता झोप. आडवं पडू नका. पाठीमागे उशा रचून किंवा आरामखुर्चीत अर्धवट बसून झोपा. सपाट पाठीवर झोपलं की कोपर अंगाच्या मागे गादीवर घसरतं, दंडाचं हाड पुढे सरकतं आणि नुकत्याच शिवलेल्या जागेवर ताण येतो. म्हणून दंड आणि कोपराखाली एक घडी घातलेला टॉवेल ठेवा. तो बरोबर बसलाय का हे बघायची सोपी खूण आहे: मान न उचलता नजर खाली वळवली की स्वतःचं कोपर दिसलं पाहिजे. दिसत नसेल तर टॉवेल आणखी जाड करा. हात अडकवलेला गळ्यातला पट्टा (स्लिंग) झोपेतही काढायचा नाही.

पट्ट्यात कोपर अगदी मागच्या कोपऱ्यापर्यंत टेकलेलं हवं आणि मनगट कोपरापेक्षा जरा वर. मनगट कडेवरून खाली लोंबत राहिलं तर बोटं सुजतात. दर तासाला दहा वेळा मूठ उघडा-मिटा. कोपर वाकवण्या-सरळ करण्याचा व्यायाम मात्र विचारूनच करा, कारण त्याच वेळी बायसेप्सची (दंडाच्या पुढच्या स्नायूची) दोरीही बसवली असेल तर ते स्वतःच्या जोराने वाकवायला मनाई असते.

दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये सांध्यात पाणी सोडतात, त्यामुळे पहिल्या दिवशी ड्रेसिंग गुलाबीसर ओलं होणं आणि नंतर काळंनिळं कोपरापर्यंत उतरणं नेहमीचंच आहे. ताप, पू, वाढत जाणारी लाली, पोटरीला सूज, धाप लागणं यातलं काहीही दिसलं तर लगेच फोन करा. बर्फ कापडात गुंडाळून १५-२० मिनिटं. त्वचा बधिर असताना दर पाच मिनिटांनी ती उघडून बघा.

शर्ट पुढून बटणांचा घ्या. घालताना दुखरा हात आधी, काढताना शेवटी. काख धुवायची तर कमरेतून पुढे वाका, हात आपोआप लोंबू द्या आणि दुसऱ्या हाताने ओलं फडकं फिरवा. हात उचलून काख उघडायला जाऊ नका.

सगळ्यात जास्त काळजी वाटते ती चौथ्या आठवड्याची. दुखणं कमी झालेलं असतं, पट्टा नकोसा होतो आणि माणसाला वाटतं, झालं बरं. पण शिवलेली कंडरा हाडाला नीट धरायला साधारण तीन महिने घेते. तोवर ती बऱ्याच अंशी टाक्यांच्याच भरवशावर असते. टाका निसटतो तो व्यायामात क्वचित. पडणारा पेला झटकन पकडताना किंवा खुर्चीच्या हातावर जोर देऊन उठताना निसटतो. म्हणून उठायच्या आधी खुर्चीच्या कडेला सरका, पाय मागे घ्या आणि फक्त चांगला हात टेकवा. पलंगावरून उतरतानाही चांगल्या बाजूनेच उतरा. त्यासाठी पलंग भिंतीपासून हलवावा लागला तर तो ऑपरेशनच्या आधीच हलवून घ्या.