दोन पांढरे कॅन

गेल्या नोव्हेंबरात भोरच्या पश्चिमेला एका खासगी शेतजमिनीवर मला दोन मोटारसायकलींपैकी एक निवडून द्यायची होती, आणि दुपारी तीनच्या सुमारास त्यांतील एकीचा पिस्टन माझ्याच निष्काळजीपणाने सिलिंडरला धरला. टू-स्ट्रोक इंजिने उघडण्यात माझी पस्तीस वर्षे गेली आहेत. आरएक्स १०० आणि शोगन यांच्या सिलिंडरची पोर्टे, म्हणजे हवा-पेट्रोल आत येण्याची आणि धूर बाहेर जाण्याची भोके, कानशीने घासून या गाड्या डर्ट ट्रॅकवर पळवण्यापासून माझी सुरुवात झाली. त्यामुळे ही चूक माझ्या हातून व्हावी याचे मला त्या दिवशी अधिकच वाईट वाटले.

जमिनीचे मालक पंचेचाळिशी ओलांडलेले, सुट्टीच्या दिवशी गाडी चालवणारे गृहस्थ. त्यांच्याकडे परदेशातून आणलेल्या दोन गाड्या होत्या : २०२१ सालची केटीएम ३०० टीपीआय आणि यामाहा वायझेड २५० एक्स. दोन्हींना नंबरप्लेट मिळत नाही, म्हणून त्या पिकअपमधून आणायच्या आणि कुंपणाच्या आतच फिरवायच्या, असा त्यांचा शिरस्ता होता. दोन्ही सांभाळणे जड जाते, एक विकायची आहे, तेव्हा कोणती ठेवावी ते दिवसभर चालवून सांगा, असे त्यांनी मला सांगितले होते. त्यांचा भाचा बावीस वर्षांचा, मोटोक्रॉस खेळणारा. तो, मामा आणि मी अशा तिघांनी चार किलोमीटरच्या एकाच वाटेवर दोन्ही गाड्यांच्या प्रत्येकी चार फेऱ्या माराव्यात आणि माझ्या मदतनीस मुलाने वेळ लिहून घ्यावी, असे ठरले. वाट भात कापून झालेल्या खाचरांच्या बांधावरून निघून ओढ्याच्या गोट्यांतून, मग गुरांच्या पायवाटेने एका खड्या, सुट्या दगडांच्या चढावर जात होती.

कागदावर या दोन गाड्यांत वाटते तेवढे अंतर नाही. पिस्टनचा स्ट्रोक, म्हणजे वरखाली होण्याचे अंतर, दोन्हींचा ७२ मिलिमीटरच आहे. बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, यामाहाचा ६६.४ आणि केटीएमचा ७२, म्हणून एकीची क्षमता २४९ सीसी आणि दुसरीची २९३. टाकी भरलेल्या यामाहाचे वजन १०४ किलो भरते, तर केटीएम पेट्रोलाशिवायच त्याच्या आसपास जाते. खरा फरक पेट्रोल कोठून आत जाते यात आहे. यामाहाला जुन्या वळणाचा ३८ मिलिमीटरचा कीहिन कार्ब्युरेटर आहे. तेल मिसळलेले पेट्रोल त्यातून क्रँककेसमध्ये, म्हणजे सिलिंडरखालच्या पेटीत, उतरते आणि वर जाता जाता क्रँकचे बेअरिंग, कनेक्टिंग रॉड, पिस्टन यांना तेल लावत जाते. केटीएममध्ये इंजेक्टर क्रँककेसमधून सिलिंडरमध्ये जाणाऱ्या ट्रान्स्फर पोर्टांतच पेट्रोल फवारतात (‘टीपीआय’ म्हणजे हेच, ट्रान्स्फर पोर्ट इंजेक्शन), म्हणजे पेट्रोल क्रँककेसमध्ये जवळजवळ उतरतच नाही. त्यामुळे तिच्या टाकीत तेल मिसळण्यात अर्थ नसतो; तिचे तेल सातशे मिलीच्या वेगळ्या टाकीतून, विजेवर चालणाऱ्या पंपाने, हवेबरोबर थ्रॉटल बॉडीतून सोडले जाते. जुन्या आरएक्स १०० लाही तेलाचा पंप होताच. शर्यतीच्या गाड्यांचा तो पंप आम्ही काढून टाकत असू आणि तेल टाकीत मिसळत असू, कारण पंपावर आमचा विश्वास नव्हता. आज तीस वर्षांनी तोच वाद नव्या रूपात माझ्यापुढे उभा होता.

सकाळी मी यामाहाचा मेन जेट, म्हणजे कार्ब्युरेटरमधली पेट्रोल मोजून सोडणारी तोटी, एक नंबर मोठा लावला. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता वीस टक्के इथेनॉल असते, इथेनॉल स्वतःबरोबर प्राणवायू आणते आणि मिश्रण पातळ पडते, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी पडते. पातळ मिश्रणावर तापलेले टू-स्ट्रोक इंजिन फार वेळ टिकत नाही. केटीएमच्या बाबतीत हाताशी असा काही उपाय नव्हता. तिचा संगणक हवेचा दाब आणि तापमान पाहतो, घाट चढला तरी स्वतःला सावरून घेतो, परंतु सायलेन्सरकडे सेन्सर नसल्याने आत कोणते पेट्रोल जळते आहे ते त्याला कळत नाही. त्यानंतर मी लिटरच्या नव्या बाटलीतून तेल मोजून, यामाहाला सांगितलेल्या तीसास एक या प्रमाणात, पाच पाच लिटरची दोन मिश्रणे केली. दर पाच लिटरला १६७ मिली तेल. एक मिश्रण यामाहाच्या टाकीत ओतले, दुसरे पांढऱ्या कॅनमध्ये ठेवले. त्याच्या शेजारी तसाच दुसरा पांढरा कॅन केटीएमच्या साध्या पेट्रोलचा होता. मिश्रणाच्या कॅनवर मी खडूने ‘तेल’ असे लिहिले. दोन्ही कॅन दंवाने भिजलेल्या गवतावर होते आणि मुलगा ते ओल्या हातांनी इकडेतिकडे हलवणार होता, हे तेव्हा माझ्या ध्यानात आले नाही.

सकाळच्या फेऱ्यांतून जे दिसले ते मला अनपेक्षित नव्हते, तरी प्रत्यक्ष पाहणे वेगळे. दगडांच्या चढावर मालक यामाहावर तीनदा अडकले. वेग कमी झाला की इंजिन गुदमरे, क्लच सोडताना मागचे चाक एकदम फिरून दगड उडवी, आणि बंद पडलेली गाडी उतारावर तोल सांभाळत किक मारून सुरू करायची, म्हणजे उरलेला दमही निघून जाई. केटीएमवर तेच गृहस्थ दुसऱ्या गिअरमध्ये, इंजिन धडधडत असताना, जणू ट्रॅक्टरवर बसल्यासारखे वर गेले. बोअरमधल्या त्या साडेपाच मिलिमीटरचा आणि थरथर कमी करणाऱ्या बॅलन्सर शाफ्टचा परिणाम अशा जागी कळतो. हायड्रॉलिक क्लच दोन बोटांनी दबतो, त्यामुळे अर्ध्या क्लचवर गाडी रेंगाळत ठेवता येते. भाच्याचे मात्र उलटे झाले. बांधांवरून उड्या घेताना केटीएमचा पुढचा फोर्क खोल बसतो आणि गाडी नाक खाली घालते, अशी त्याची तक्रार होती. यामाहाचा केवायबी कंपनीचा फोर्क त्याला हवा तेवढा कडक होता, आणि यामाहाची अ‍ॅल्युमिनियमची चौकट वळणावर ठेवाल तिथे राहते, असे त्याचे म्हणणे पडले. मोकळ्या भागात त्याचा वेळ यामाहावरच दर फेरीला सुमारे वीस सेकंदांनी कमी आला. मी स्वतः ओढ्याच्या गोट्यांत यामाहाच्या फोर्कचे कॉम्प्रेशनचे, म्हणजे दबताना होणाऱ्या विरोधाचे, क्लिक चार घर सैल केले तेव्हा ती जरा माणसाळली, आणि भाच्याने ते जाणवताच लगेच पुन्हा आवळून घेतले.

केटीएमने एकदा आपला हट्ट दाखवलाच. ओढ्यात भाच्याने ती मुद्दाम पाच-सहा वेळा बंद पाडून पाहिली आणि शेवटी स्टार्टर नुसता टकटक करू लागला. या गाडीला किक नव्हती, आणि इंजेक्शनच्या पंपालाही बॅटरीच लागते. आम्ही तिघांनी ती ओढ्यातून वर ढकलली, खाचराच्या उताराला लावली, तेव्हा कुठे ती सुरू झाली. मालकांना हे आवडले नाही. ‘‘किक असलेली बरी की हो,’’ असे ते म्हणाले, आणि मी ते वेळेच्या कागदाच्या मागे लिहून घेतले.

जेवणानंतर यामाहाची टाकी जवळजवळ रिकामी होती. सकाळचे पाच लिटर बारा फेऱ्यांत गेले होते. मी केटीएमचा एअर फिल्टर पाहत होतो, म्हणून मुलाला म्हणालो, ‘‘यामाहात चार लिटर टाक.’’ कोणत्या कॅनमधले, हे सांगितले नाही. हा मुलगा २००३ सालचा. आमच्या पिढीला चेतकच्या टाकीत लिटरमागे वीस मिली तेल ओतल्याचे आणि पंपावर ‘टू-टी’ मागितल्याचे हाताला आठवते, त्याला ते कधी करावेच लागलेले नाही. त्याच्या दृष्टीने पेट्रोल म्हणजे पेट्रोल. दंवाने आणि हातांनी खडू पुसला गेला होता. त्याने हाताशी आला तो कॅन ओतला.

भाच्याची पहिली फेरी ठीक गेली. दुसऱ्या फेरीत चढाच्या पायथ्याशी गाडीचा आवाज बदलला. टू-स्ट्रोकचा आवाज तापल्यावर किंचित चढतो, पण याला धातूची कड होती, पितळेच्या भांड्यात खडे हलवल्यासारखी. ‘‘क्लच दाब!’’ असे मी ओरडलो, ते त्याला ऐकू गेले असेल असे वाटत नाही. चढाच्या मध्यावर मागचे चाक अडले, गाडी आडवी झाली आणि भाचा दगडांवर बसला. पडता पडता त्याने सवयीनेच क्लच ओढला होता, म्हणून त्याला खरचटण्यापलीकडे काही झाले नाही.

किक हलत नव्हती. अर्ध्या तासाने इंजिन निवल्यावर ती हलली, पण आत काही खरवडत असल्याचे जाणवत होते. मी स्प्रिंगा काढून सायलेन्सरचा फुगीर भाग बाजूला केला आणि एक्झॉस्ट पोर्टातून टॉर्च मारला. पिस्टनच्या एक्झॉस्टकडच्या अंगावर उभे ओरखडे स्पष्ट होते. सिलिंडरची ही बाजू सर्वांत जास्त तापते, म्हणून तेल कमी पडले की पिस्टन बहुधा येथेच धरतो. मिश्रण पातळ पडून असे होऊ शकते, म्हणून आधी मला माझ्या जेटचाच संशय आला. मग कार्ब्युरेटरच्या वाटीतले पेट्रोल बोटावर घेतले, ते कोरडे लागले. खात्रीसाठी वेळ लिहिलेल्या कागदाच्या कोपऱ्यावर त्याचे दोन थेंब टाकले आणि शेजारी न वापरलेल्या कॅनमधले दोन. कॅनमधल्या थेंबांभोवती तेलकट कडे राहिले. वाटीतले थेंब उडून गेले आणि कागद पूर्वीसारखा झाला. टाकीत अर्धा लिटर जुने मिश्रण धरले तर त्यातील तेल साधारण सोळा मिली, आणि त्यावर चार लिटर साधे पेट्रोल. म्हणजे प्रमाण पावणेतीनशेस एकच्या आसपास गेले होते.

मुलगा पांढरा पडला होता. चूक तुझी नाही, लेबल लावणे माझे काम होते, असे मी त्याला सर्वांसमोर सांगितले आणि पिस्टन, रिंगा, गॅस्केट यांचा खर्च मी देईन, असे मालकांनाही सांगितले. त्यांनी ते हसण्यावारी नेले आणि लगेच म्हणाले, ‘‘म्हणजे निकाल लागलाच की! केटीएमला हे मिसळण्याचे झंझटच नाही.’’

ते खरेच होते आणि मी मान डोलावलीही. तरीही, विकायची नसलेली गाडी निदान नीट पाहून द्यावी म्हणून मी केटीएमच्या हँडलमागे, चौकटीच्या नळीवर असलेले तेलाचे झाकण उघडले. टॉर्चच्या उजेडात मला तेल दिसले नाही.

‘‘साहेब, यात तेल शेवटचे कधी घातले होते?’’

‘‘यात? यात तेल घालायचे असते?’’

हँडलवरच्या एका दिव्यावर काळी चिकटपट्टी लावलेली होती. सकाळी ती मी पाहिली होती, फुटलेला दिवा झाकला असेल असे समजून पुढे गेलो होतो. महिन्याभरापूर्वी तो दिवा लागायला लागला, गिअर ऑईलचा असेल, सर्व्हिसिंगला सांगू, अशा विचाराने मालकांनी डोळ्यांत येणारा उजेड झाकून टाकला होता. तो तेलाच्या टाकीचाच दिवा होता. तिघांच्या बारा फेऱ्या त्याच टाकीवर झाल्या होत्या.

सकाळच्या लिटरच्या बाटलीतून ३३४ मिली तेल दोन मिश्रणांना गेले होते. उरलेली बाटली मी भाच्याच्या हातात दिली आणि झाकणाशी टॉर्च धरला. तो हळूहळू ओतत राहिला. बाटली रिकामी झाली, त्याने ती उलटी करून झटकली, तरी तेल गळ्यापर्यंत आले नव्हते.