विडी वळणारे हात

निपाणीहून कोल्हापूर जवळ, बेळगाव लांब. त्यामुळे तिकडून माझ्याकडे येणाऱ्या पेशंटच्या पिशवीत बहुतेकदा दोन राज्यांतले कागद असतात. या मावशींच्या एका कागदावर ‘मानसिक’ असा शेरा होता. एमआरआय नॉर्मल आला की हा शेरा मारायची आपल्याकडे फार घाई. पेशंट बाई असली तर जास्तच.

सून म्हणाली, “चालताना झोकांड्या जात्यात. गल्लीत लोक नाय नाय ते बोलत्यात.” मावशींना त्याचं काही नव्हतं. “डॉक्टरसाहेब, विडी वळाय येईना झालीया. बोटं ऐकंनात.”

नाकाला बोट, नडगीवरून टाच, हे सगळं तपासलंच. पण सुनेला सूप आणि पानंही आणायला लावली. भिजवलेलं तेंदूचं पान कातरणं जमलं, हळूहळू. तंबाखू पसरणंही जमलं. वळताना मात्र दोन्ही हातांची बोटं एकाच क्षणी सरकायला हवीत, ती मागेपुढे होत होती. दोरा गुंडाळायच्या आधीच पान उलगडायचं. ताकद पूर्ण, स्पर्श शाबूत, चुकत होती फक्त वेळ. लहान मेंदूचा बिघाड इतका स्पष्ट मला ठरावीक चाचण्यांत कधी दिसलेला नाही.

लहान मेंदूतल्या ‘पर्किंजे’ नावाच्या एका चेतापेशीवर समांतर तंतूंचे लाखाहून अधिक सिनॅप्स, म्हणजे संदेश पोचवणारे सांधे, असतात. दुसऱ्या प्रकारचा, चढता तंतू मात्र प्रौढपणी सहसा एकच. हालचाल चुकली की तो इशारा देतो आणि त्या क्षणी जागे असलेले समांतर तंतूंचे सिनॅप्स मंदावतात. हे मंदावणं मासाओ इतो यांनी १९८२ मध्ये दाखवलं. त्यासाठी पेशीच्या पृष्ठभागावरचा एमग्लूआर-१ हा रिसेप्टर, म्हणजे संदेश झेलणारं प्रथिन, लागतो. तो नसलेले उंदीर १९९४ मध्ये तयार केले, ते अडखळत चालत. २००० साली फक्त पर्किंजे पेशींत तो परत घातल्यावर त्यांची चाल सुधारली. त्याच वर्षी हॉजकिन लिम्फोमा या कॅन्सरच्या पेशंटमध्ये याच रिसेप्टरविरुद्धच्या अँटीबॉडी सापडल्याचं प्रसिद्ध झालं.

नेहमीच्या अँटीबॉडी पॅनेलमध्ये ही तपासणी नसते. पॅनेल निगेटिव्ह आलं, एवढ्यावर फाइल बंद होते, याचा मला संताप येतो. मी पाठीतलं पाणी या तपासणीसाठी पुन्हा बाहेरच्या लॅबला पाठवायचं म्हटल्यावर एका सहकाऱ्यानं विचारलं, “फरक काय पडणार?” फार पडतो. ‘यो’ नावाच्या अँटीबॉडीच्या आजारात लक्ष्य पेशीच्या आत असतं, आणि निदान होईतो पर्किंजे पेशी मेलेल्या असतात. इथे हल्ला बाहेरून होतो. पेशी जिवंत असू शकते.

रिपोर्ट पॉझिटिव्ह आला. मिथाइलप्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड रोज १ ग्रॅम पाच दिवस, नंतर इम्युनोग्लोब्युलिन. पेट स्कॅनमध्ये कॅन्सरची गाठ नाही. तरी तपासत राहावं लागेल.

मावशी आता विड्या वळतात, जुन्या मापाच्या, जवळजवळ पूर्वीच्या वेगानं. दरम्यान कारखान्यानं पानाचं माप थोडं आखूड केलं. ती विडी त्यांच्या हाताला काही केल्या बसत नाही. जुनं कसब लहान मेंदूच्या खोलवरच्या केंद्रकांत, म्हणजे चेतापेशींच्या पुंजक्यांत, मुरलेलं असावं आणि नवं शिकायला तो रिसेप्टर हवाच, असं मला वाटतं. की हे नुसतं वय आहे? पुढच्या वेळी दोन्ही मापांची पानं घेऊन यायला सांगितलंय, आणि त्याच कारखान्यातल्या, त्यांच्याच वयाच्या एखाद्या बाईलाही.