केमररच्या खाणीत नाइटिया काढला तो अनुभव

मी मूळचा साताऱ्याचा, सध्या सॉल्ट लेक सिटीत. लहानपणापासून बघितलेला दगड म्हणजे आपला काळा कातळ, फोडला तर आत परत कातळच, त्यामुळे दगडात अख्खा मासा सापडतो हे वाचून माहीत होतं तरी मनाला पटत नव्हतं. मागच्या जुलैत मुलीला घेऊन वायोमिंगमधल्या केमररला गेलो. तिथे खाजगी खाणी आहेत, तासाचे पैसे भरायचे, हातोडी-छिन्नी तेच देतात आणि नाइटियासारखे नेहमी मिळणारे मासे घरी नेता येतात. दुर्मिळ काही निघालं तर ते आपलं नाही, हे सुरुवातीलाच सांगतात. जवळच फॉसिल ब्यूट नॅशनल मॉन्युमेंट आहे, तिथे खडासुद्धा उचलायचा नाही, पण आधी ते बघून घ्या, म्हणजे आपण काय शोधतोय ते डोळ्यांना कळतं.

खाणीतल्या थरांच्या दगडाची फरशी आडवी नाही, कडेवर उभी धरायची, छिन्नी थराच्या रेषेवर ठेवायची आणि हलक्या हाताने टकटक करत कडेकडेने फिरायचं. आवाज बदलला की थांबायचं, मग दगड आपोआप उघडतो, वहीची चिकटलेली पानं सुटावीत तसा. मी घाई केली, मधेच जोरात ठोकलं आणि पहिल्या माशाची शेपटी गेली, फार वाईट वाटलं, सुमारे 5 कोटी 20 लाख वर्षं ती शाबूत होती हो.

दुसरा मुलीला मिळाला. बोटभर लांब, चहाच्या रंगाचा, कण्याचा मणका न् मणका दिसतोय आणि पोटाच्या कडेला बारीक खवल्यांचे दाते. ते दाते बघून मला एकदम तारली आठवली, आणि नाइटिया आहेच हेरिंग-तारलीच्या गणातला, फक्त गोड्या पाण्यातला. त्या काळी इथे तळं होतं, त्यात यांचे थवेच्या थवे होते, एकेका फरशीवर दहा-दहा सापडतात. 1987 पासून हा वायोमिंगचा राज्य जीवाश्म आहे.

घरी आणल्यावर फरशी उन्हात ठेवू नका, दगड ओलसर असतो, सावलीत हळूहळू वाळू द्या. मग भिंगाखाली सुई आडवी धरून, हाडावर टोचू न देता, वरचा पांढरट थर खरवडायचा आणि मऊ ब्रशने झाडायचं. मुलीच्या माशाचं डोकं अजून अर्धं झाकलेलं आहे, रोज रात्री जेवणं झाली की आम्ही अर्धा तास बसतो, काल डोळ्याची खोबण दिसायला लागली.