आम्हाला कारवानी हवा होता, कमिटीला पग

कुत्रा कोणत्या जातीचा आणायचा, पग की कारवानी, हा प्रश्न आमच्या घरात लवकर सुटला. घोडं अडलं ते सोसायटीच्या कमिटीत, आणि त्याचा राग अजून माझ्या डोक्यातून गेलेला नाही.

पग गोड असतो, मांडीवर बसतो, फ्लॅटमध्ये सहज मावतो, हे खरंच. पण चपट्या नाकाच्या कुत्र्यांना उन्हाळा झेपत नाही आणि आपल्या नाशिकचा पारा एप्रिल-मेमध्ये ४० अंशांपर्यंत जातो. शेजारच्या विंगमधला पग मे महिन्यात सकाळी फिरून आला की जिन्याच्या पहिल्याच पायरीवर फतकल मारायचा. जीभ बाहेर, घशातून सारखी घरघर. ते बघूनच माझं ठरलं. त्यात माझा नवरा रोज पहाटे गोदापार्कला पळायला जातो, त्याला जोडीदार हवा होता. कारवानी हा लातूर-नांदेडकडे पिढ्यान्‌पिढ्या सशामागे पळवलेला, आपल्याच मातीतला कुत्रा. रोज दमवला की घरात तो कोपरा धरून झोपतो. तुमच्या घरी पहाटे उठणारं कोणी नसेल, तर मात्र हा कुत्रा आणू नका. तिथे छोटाच बरा.

आता कमिटी. सेक्रेटरी म्हणाले, "वहिनी, छोटा कुत्रा आणा ना, पग-बिग. शिकारी कुत्रा सोसायटीत कशाला?" मी म्हटलं, "काका, पहाटे त्याला पळवणार आम्ही. मग कोणता आणायचा हे कमिटी कसं ठरवणार?" त्यावर उत्तर एकच, "मीटिंगमध्ये बघू." मीटिंगला कधी कोरम नाही, कधी विषयच अजेंड्यावर नाही. मग हातात एक कागद आला : कुत्र्याची उंची पूर्ण वाढ झाल्यावरही १५ इंचांच्या वर जाणार नाही, असं ५०० रुपयांच्या स्टँपवर लिहून द्या. कारवानी सहज २५ इंचांच्या पुढे जातो! म्हणजे सरळ नाही म्हणायचं नव्हतं, पण आणूही द्यायचा नव्हता. तिकडे ज्यांच्याकडून पिल्लू घेणार होतो, ते रोज फोन करून विचारत होते, नेताय की दुसऱ्याला देऊ?

शेवटी भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाची २०१५ची मार्गदर्शक तत्त्वं डाउनलोड केली. त्यात स्वच्छ लिहिलंय की बहुमताने ठराव केला तरी सोसायटीला कुत्रा पाळायला बंदी घालता येत नाही, आणि छोटा चालेल, मोठा नको, असंही म्हणता येत नाही. त्याची प्रत अर्जाला जोडली आणि खाली एकच ओळ लिहिली : नकार असेल तर कारणासह लेखी द्यावा. नकार लेखी द्यायला कोणी तयार होईना, आणि तिथेच विषय संपला. तुम्हीही तोंडी बोलण्यात वेळ घालवू नका. अर्ज द्या आणि आपल्या प्रतीवर आवक शिक्का मारून घ्या. तो शिक्का मी भांडून घेतला, आणि पुढच्या मीटिंगमध्ये "अर्ज मिळालाच नाही" हे वाक्य कोणाला काढता आलं नाही.

आमची कारवानी, हरणी, आता घरी आहे. दिवसभर सासऱ्यांच्या पायाशी पसरलेली असते.

हो, पिल्लाबद्दल सांगायचं राहिलं. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायला कुत्र्यांच्या पैदास-विक्रीच्या २०१७च्या नियमांनी मनाई आहे. "लवकर न्या, लळा लागतो" म्हणणाऱ्याकडून घेऊच नका, आणि पिल्लाची आई बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. पार्वोच्या (पिल्लांच्या जीवघेण्या संसर्गजन्य आजाराच्या) लसींचा कोर्स पूर्ण होईपर्यंत खाली रस्त्यावर उतरवायचं नाही. मोकळ्या जागी पट्टा सोडायचा नाही, मांजर दिसलं की या जातीला हाक ऐकू येत नाही. आम्ही तिला दिंडोरीला मामांच्या कुंपण घातलेल्या शेतातच सोडतो. रेबीजची लस झाली की तिचा दाखला जोडून महापालिकेचा परवाना काढा आणि त्याची एक झेरॉक्स कमिटीला देऊन ठेवा. त्यावरही आवक शिक्का घ्या.