पोरगा अजून शाळेत आहे

“एकतिसावा? मग आपल्याला काय उपयोग!” आज जेवताना ऑफिसमधला ड्यूक विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघाचा कट्टर चाहता तावातावाने म्हणाला. समोरचा नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाचा चाहताही हटेना.

वाद ज्याच्यावरून, तो मुलगा १७ वर्षांचा. अमेरिकेतल्या शाळकरी बास्केटबॉलपटूंच्या क्रमवारीत खाली, एकतिसाव्या नंबरावर आला, एवढंच.

याच नॉर्थ कॅरोलायना राज्यात, शार्लटमध्ये, बास्केटबॉलचा सुपरस्टार स्टीफन करी वाढला. शाळेत असताना याद्या करणाऱ्यांनी त्याला पाचपैकी तीनच स्टार दिले होते, मोठ्या कॉलेजांनी स्कॉलरशिप दिली नाही. मग छोट्याशा डेव्हिडसन कॉलेजला गेला आणि २००८ मध्ये त्यांच्या संघाला कॉलेजांच्या राष्ट्रीय स्पर्धेत शेवटच्या आठांत घेऊन गेला!

याद्या करणारे मेहनत घेतात, मान्य. वरची बरीच पोरं खरंच चमकतात. पण अजून उंची वाढतेय अशा मुलाचा आकडा सगळ्यांसमोर वरखाली होत राहतो, याचा मला त्रास होतो.

तो हे सगळं वाचत असेलच ना? त्या दिवशी घरी त्याच्याशी कोण बोलत असेल?