शिरोरेषा काढलेले पोस्टर

मालवणात माझे डीटीपीचे छोटे दुकान आहे. लग्नपत्रिका, वाढदिवसाचे फ्लेक्स, होड्यांवरची नावे आणि जत्रांच्या हंगामात दशावताराची पोस्टरे, एवढाच माझा व्याप. तरीही मी डेव्हिड कार्सन या अमेरिकन डिझायनरच्या नादी लागलो, तो मुख्यतः तोही समुद्रकाठचा माणूस असल्यामुळे.

समाजशास्त्राचा पदवीधर, शाळेतला शिक्षक आणि लाटांवर फळी घेऊन उतरणारा व्यावसायिक सर्फर, असा त्याचा आधीचा प्रवास. ग्राफिक डिझाइनशी त्याची पहिली ओळख झाली ती 1980 साली, अ‍ॅरिझोना विद्यापीठातल्या अवघ्या दोन आठवड्यांच्या वर्गात. पुढे ‘बीच कल्चर’ या मासिकाचे सहाच अंक निघाले, पण त्यांनी त्याचे नाव झाले. आणि 1992 साली सुरू झालेल्या ‘रे गन’ या संगीतविषयक मासिकात त्याने एकमेकांवर चढलेले स्तंभ, कडेला कापलेली अक्षरे आणि मुद्दाम विस्कटलेले मथळे अशी पाने मांडली, की वाचकांचे सरळ दोन तट पडले.

1994 मध्ये गायक ब्रायन फेरी यांची मुलाखत त्याला कंटाळवाणी वाटली, म्हणून त्याने ती संपूर्ण झॅफ डिंगबॅट्स या चिन्हांच्या फाँटमध्ये लावली. एकही शब्द वाचता येऊ नये, हा उघड खोडसाळपणाच होता, आणि मला तो भलताच आवडला.

त्याच भरात गेल्या हंगामात मेघनादाच्या आख्यानाचे पोस्टर करताना मी मथळ्याची शिरोरेषाच उडवली आणि नाटकाची वेळ रावणाच्या मुकुटाच्या काठाने उभी लिहिली. देवनागरीत ‘घ’ची शिरोरेषा अखंड आणि ‘ध’ची तुटलेली असते, ती रेषाच काढून टाकल्यावर, त्यातही मी अक्षरे ठोकळेबाज काढलेली असल्यामुळे, ‘मेघनाद’ आणि ‘मेधनाद’ यांत फारसा फरक उरला नाही, हे मला छापून झाल्यावर दिसले. देवस्थानच्या ज्या म्हाताऱ्या काकांनी काम दिले होते, त्यांनी मथळ्याकडे ढुंकूनही पाहिले नाही. पोस्टर हातभर लांब धरून त्यांनी एवढेच विचारले, “वेळ खंय लिवलंस रे?”

नवीन छपाईला पैसे नव्हते. मी साध्या ठळक अक्षरांत ‘रात्रौ 11 वाजता’ अशा पट्ट्या काढल्या आणि रात्री बसून प्रत्येक पोस्टरच्या तळाशी खळीने चिकटवल्या.

त्या मुलाखतीबद्दलची एक गोष्ट मी नंतर वाचली. कार्सनने तीच मुलाखत त्याच अंकाच्या शेवटी वाचता येईल अशा अक्षरांत पुन्हा छापली होती. नक्कल करणारे आम्ही सगळे पुढच्या पानांवरच अडकलो होतो. यंदाच्या पोस्टरवर शिरोरेषा पुन्हा गायब आहे. पट्टी मात्र मी या वेळी आधीच काढून ठेवली आहे.