बाबांच्या सायकलची चेनलाइन

बाबांची जुनी स्पोर्ट्स सायकल मी गेल्या पावसाळ्यात पुन्हा उभी केली. फ्रेम तेवढी मूळची, बाकी सगळे पार्ट मी जमवलेले. याच सायकलवरून ते पिंपरीला पाळीला जायचे, त्यामुळे ती भंगारात द्यायला माझं मन घेईना. गिअर नकोत असं ठरवलं. पुढे पॅडलपाशी ४६ दातांचं एकच चेनव्हील, म्हणजे दातेरी चकती, मागच्या चाकाला १८ दातांची तशीच छोटी चकती, म्हणजे फ्रीव्हील. क्रँक, म्हणजे पॅडलचा दांडा, एका हायब्रिड सायकलचा मिळाला, तर बॉटम ब्रॅकेटही, म्हणजे क्रँक ज्यावर फिरतो तो एक्सल आणि त्याची बेअरिंग, त्याच मापाचा आणून बसवला. चूक तिथेच झाली होती, पण ती कळायला तीन आठवडे गेले.

सपाट रस्त्याला नुसती करकर ऐकू यायची. कात्रजच्या चढाला मात्र उभं राहून पॅडल मारलं की चेन आतल्या बाजूला उतरायची. एकदा मागून ट्रक येत असताना उतरली आणि पाय एकदम खाली गेला. त्या दिवशी खरंच घाबरलो.

विचारावं त्या प्रत्येकाने एकच सांगितलं: चेन ढिली आहे, चाक मागे ओढ. ओढलं. पॅडल जड झालं, चेन उतरायची ती उतरतच राहिली.

शेवटी पेठेतल्या एका जुन्या दुकानात गेलो. तिथल्या काकांनी चेनला हातही लावला नाही. चेनव्हीलच्या दातांवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "हे बघ, बाहेरच्या अंगाने चकाकतंय, आतला काळा रंग अजून जसाच्या तसा आहे. चेन तिरकी ओढली जातेय. आधी मोज, मग पाना धर."

मोजायची ती चेनलाइन, म्हणजे फ्रेमच्या मध्यापासून दातांच्या मध्यापर्यंतचं अंतर; पुढे आणि मागे ते सारखं असलं की चेन सरळ चालते. पण फ्रेमच वाकडी असेल तर मोजमाप फसवं ठरतं, म्हणून आधी दोऱ्याची परीक्षा केली. मागच्या एका ड्रॉपआउटला, म्हणजे चाकाचा एक्सल बसतो त्या खाचेला, दोरा बांधला, तो पुढे हँडलखालच्या हेड ट्यूबला वळसा घालून दुसऱ्या ड्रॉपआउटला आणून ताणला. मग सीटखालच्या उभ्या नळीपासून, म्हणजे सीट ट्यूबपासून, दोन्ही बाजूंच्या दोऱ्यापर्यंतचं अंतर पाहिलं. जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा फरक. इतकी वर्षं वापरलेली फ्रेम अजून सरळ होती, याचा मला फार आनंद झाला.

मग खरं माप. सीट ट्यूबच्या कडेपासून चेनव्हीलच्या दाताच्या मध्यापर्यंत ३३.७ मिमी. ट्यूबचा व्यास २८.६, त्याचे निम्मे १४.३ मिळवले की पुढची चेनलाइन ४८ मिमी. मागे हबची, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्याची, दोन्ही टोकांच्या लॉकनटांमधली रुंदी १२६, तिचे निम्मे ६३. उजव्या लॉकनटच्या बाहेरच्या कडेपासून फ्रीव्हीलच्या दाताचा मध्य २० मिमी आत. म्हणजे मागची ४३. तब्बल ५ मिलिमीटरचं अंतर! चेन मागून पुढे येताना बाहेर झुकत होती.

स्वस्तातला उपाय आधी केला: मागच्या चाकाच्या एक्सलवरचा २ मिमीचा वायसर उजवीकडून काढून डावीकडे घातला. फ्रीव्हील बाहेर सरकलं, पण त्याच्याबरोबर सगळं चाकच सरकलं आणि रिम ब्रेकच्या रबरला घासायला लागली. रिम मध्यावर आणायची तर सगळे स्पोक पुन्हा ताणायचे, आणि एवढं करून ३ मिमी उरणारच. वायसर परत होता तिथे घातला.

खरा इलाज बॉटम ब्रॅकेटमध्ये होता. त्यातला एक्सल १२२.५ मिमी लांबीचा होता. ११३ चा घातला तर फरक ९.५, आणि एक्सल दोन्हीकडे सारखा असल्याने चेनव्हील त्याच्या निम्मं, म्हणजे पावणेपाच मिलिमीटर आत येणार. हिशेब जवळजवळ बरोबर जुळत होता.

क्रँक काढताना पुलर (क्रँक ओढून काढायचं हत्यार) हाताने पूर्ण आतपर्यंत फिरवूनच जोर लावायचा, नाहीतर क्रँकचे आटे जातात. त्यापुढची अडचण म्हणजे ब्रॅकेटच्या उजव्या बाजूचे आटे उलटे असतात. सोडवायला घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवावं लागतं. हे माहीत असूनही सवयीने माझा हात दोनदा उलटा गेला. मग पान्याला पाइप लावून ओढलं, कट्‌ असा आवाज आला आणि ब्रॅकेट सुटला. आटे रॉकेलने पुसले, ग्रीस लावलं, नवा ब्रॅकेट आधी बोटांनीच चार आटे फिरवून मग कसला.

पुन्हा मोजलं: पुढे ४३.२, मागे ४३. चेनव्हील आणि चेनस्टे, म्हणजे मागच्या चाकाकडे जाणारी फ्रेमची खालची नळी, यांच्यात ४ मिमी फट उरली होती, तेवढी पुरते. आता कुठे चेनचा ताण बघायचा. चेनव्हील कधीच अगदी गोल नसतं, म्हणून क्रँक सावकाश फिरवत चेन सर्वांत ताठ होते ती जागा शोधली आणि तिथे बोटाने दाबून वर-खाली मिळून साधारण १२ मिमी खेळ ठेवला.

दुसऱ्या दिवशी पहाटे कात्रजचा तोच चढ, तसंच उभं राहून. टायरचा आवाज तेवढा येत होता. परवा चेन धुताना चेनव्हील बघितलं: दातांच्या आतल्या बाजूचा काळा रंगही आता उडायला लागलाय.